वर बंद आहे

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळत होते, म्हणून मी आई-बाबांना लखनौला बोलावलं. मला इथं येऊन ११ वर्षं झाली. आई त्यात दोनदा येऊन गेली होती; बाबा पहिल्यांदाच येत होते. मुलीच्या घरी किती दिवस राहायचं याचा त्यांचा हिशेब जुना आहे, त्यामुळे तीन दिवस म्हणजे त्यांच्या लेखी पुष्कळच. कराडहून मुंबईला भावाकडे एक मुक्काम आणि तिथून पुष्पक एक्स्प्रेसनं चारबाग. उतरल्या उतरल्या बाबांनी आधी घड्याळ पाहिलं. एस.टी.त ३६ वर्षं नोकरी केलेला माणूस, त्यातली शेवटची १५ वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठलीही गाडी वेळेशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्यानं बॅग उचलवत नाही.

त्या १५ वर्षांत बाबा स्टँडवरच्या माइकवरून गाड्या पुकारत. आता त्यांना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र घरात बरं चालतं, पण गर्दीत ते शिट्ट्या मारायला लागतं. मग ते यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवून देतात. बाहेर पडलं की त्यांच्या डाव्या कानाशी वाकून कुणीतरी मोठ्यानं सांगेल तेवढंच जग त्यांच्यापर्यंत पोचतं. त्या तीन दिवसांत ते कुणीतरी मी होते.

मी भाषांतर करून पोट भरते. एकानं म्हटलेलं दुसऱ्याला पोचवायचं, हे काम मला नवीन नाही. तरी पहिल्याच दिवशी मी त्यात खोटेपणा केला, आणि तो पकडलाही गेला. त्यावर विचार करताना जो प्रश्न पुढं आला तो असा: जो माणूस ऐकण्या-बघण्यासाठी आपल्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी काय गाळावं हे ठरवण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो? आणि प्रेम हे त्याचं पुरेसं उत्तर आहे का?

खरं तर गाळण्याचं काम ते यायच्या आधीच सुरू झालं होतं. काय काय दाखवायचं याची मी यादी केली होती. बडा इमामबाडा, रूमी दरवाजा, रेसिडेन्सी, चौकातली थंडीतच मिळणारी मक्खन मलाई. कैसरबागेतली भातखंड्यांची संस्थाही आधी यादीत होती. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, आणि त्यांच्या पुढाकारानं १९२६ साली जे संगीत महाविद्यालय निघालं ते इथं लखनौला; मराठी पाहुणा आला की मी त्याला तिथं नेतेच. बाबांना नाट्यसंगीताचं वेड. गॅदरिंगला पेटीची साथ ते करत. यादीवरून नजर फिरवताना मला वाटलं, ज्याला आता ऐकू येत नाही त्याला संगीताच्या कॉलेजसमोर उभं करायचं म्हणजे जखमेवर मीठ. मी ते नाव खोडलं. त्यांना विचारलं नाही. विचारायचं असतं हेही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी धुकं जरा विरळ झाल्यावर आम्ही इमामबाड्यात गेलो. चपला बाहेर काढल्या, आईनं डोक्यावरून पदर घेतला. मधला दालनाचा भाग पाहून बाबा थबकलेच. सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद, १५ मीटर उंच, आणि मध्ये एक खांब नाही, वर तुळई नाही. नुसती वीट आणि चुना. बाबांनी मान वर करून बराच वेळ छत न्याहाळलं आणि म्हणाले, "याला धरलंय कुणी?" मी कानाशी वाकून सांगितलं की छताच्या भोवती आणि वर जो बोळांचा गुंता आहे, ती भूलभुलैया, त्यामुळे छताचं वजन कमी होतं. एकसारखे ४८९ दरवाजे आहेत म्हणतात. त्यांचा चेहरा खुलला. "चल, बघू," म्हणाले.

जिन्यापाशी गाइड उभा होता. पांढरी दाढी, गळ्यात मफलर, अत्यंत अदबीचं बोलणं. त्यानं बाबांकडे एकदा पाहिलं आणि मला हळूच म्हणाला, "बिटिया, बाबूजी को नीचे ही बिठा दीजिए. ज़ीना तंग है, ऊपर अँधेरा भी है, इनके बस का नहीं." बाबांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

मागं रांग होती. एका शाळेची सहल होती. मला ते वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगायचं होतं: तुम्हाला झेपणार नाही. रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं असतं, आणि बाबांना कदाचित तिसऱ्या वेळी कळलं असतं. मी म्हटलं, "वर बंद आहे आज."

बाबांनी मान डोलावली. आम्ही तिघं दालनात एका बाजूला भिंतीला टेकून बसलो. मी त्यांना बाकीची हकीकत सांगितली, अगदी रंगवून. १७८३-८४ चा दुष्काळ, उपाशी मरणारी रयत, आणि नवाब आसफुद्दौलानं लोकांना काम मिळावं म्हणून १७८४ मध्ये सुरू केलेलं हे बांधकाम. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखंच, असं मी म्हटलं तेव्हा बाबा हसले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी स्वतः खडी फोडणारी माणसं पाहिली होती. मग मी ती इथं प्रत्येक गाइड सांगतो ती आख्यायिका सांगितली. दुष्काळात नुसते गरीबच उपाशी नव्हते, अब्रूदार घराण्यांच्या चुलीही थंड होत्या. पण भर दिवसा डोक्यावर घमेलं घेतलं तर लोक काय म्हणतील? म्हणून त्यांना रात्री कामावर बोलवत. अंधारात, कुणाचा चेहरा कुणाला दिसू नये अशा बेतानं. कुणी म्हणतं, त्यांना बांधकाम येत नव्हतं म्हणून दिवसा उभं राहिलेलं रात्री पाडायचं काम त्यांना देत. पाडलं तरी मजुरी मिळे. बाबांना ही गोष्ट फार आवडली. "शहाणा होता," एवढंच म्हणाले आणि पुन्हा वर बघत राहिले.

त्या रात्री जेवण झाल्यावर, यंत्र कानात घालून, बाबा म्हणाले, "ती वर काडी पेटवत होते, ते काय होतं गं?"

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. भूलभुलैयातून फिरून लोक दालनाच्या वरच्या सज्जात येतात. तिथं गाइड एका टोकाला काडेपेटीची काडी ओढतो आणि समोरच्या टोकाला तिचा आवाज ऐकू येतो. कागद फाडला तरी ऐकू येतो. भिंतींनाही कान असतात, असं म्हणून ते पर्यटकांना हसवतात. बाबा खाली बसून वर बघत होते. त्यांना आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ज्योत दिसली होती. कठड्यावरून डोकावणारी शाळेची पोरं दिसली होती. म्हणजे आम्ही तिथं बसलो होतो तो सगळा वेळ त्यांना माहीत होतं.

"वर बंद नव्हतं," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

मी गाइडचं बोलणं सांगितलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं, असंही म्हटलं. बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचार करून, एकेक वाक्य सुटं करत, जे सांगितलं ते साधारण असं होतं. स्टँडवर गाडी रद्द झाली की पुकारणाऱ्याला मोह होतो 'गाडी येत आहे' म्हणायचा. लोक शांत बसतात, कुणी खिडकीशी येऊन भांडत नाही. पण मग माणूस दुसरी गाडीही सोडतो. रद्द असेल तर रद्द म्हणायचं, पुढं काय करायचं ते त्याचं तो बघतो. कुणी वडापनं जाईल, कुणी उद्या जाईल, कुणी घरी परत जाईल. "तो म्हणाला झेपणार नाही, असं तू सांगितलं असतंस तर मी बहुतेक खालीच बसलो असतो," बाबा म्हणाले. "पण ते मी बसलो असतो. आज तू मला बसवलंस."

मग मला जे बोलायचं नव्हतं ते मी बोलून गेले. म्हटलं, "आणि महाबळेश्वरला बोटिंग बंद होतं ते?"

मी नऊ वर्षांची असेन. बाबांच्या पासवर आम्ही चौघं महाबळेश्वरला गेलो होतो. वेण्णा तलावाशी बाबांनी सांगितलं होतं, बोटिंग आज बंद आहे. तलावात बोटी फिरत होत्या. माझ्याच वयाची एक मुलगी लाल स्वेटर घालून बोटीत बसली होती. मी बाबांकडे पाहिलं आणि काही बोलले नाही. नऊ वर्षांच्या मुलीलाही कळतं की कधी कधी बापाला त्याचं खोटं खोटं म्हणून दाखवायचं नसतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. मग म्हणाले, "प्रवास फुकट होता. खिशात चौघांच्या जेवणाचे पैसे होते, बोटीचे नव्हते. अजून आठवतं मला ते." आणि जरा थांबून, "तुला कळलं होतं?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग दोघंही इतकी वर्षं उगाच," आणि वाक्य तिथंच सोडून झोपायला गेले.

आईचं मत वेगळं होतं. ते नोंदवलं नाही तर लेख अप्रामाणिक होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ती म्हणाली, "मी रोज सांगते खोटं. भाजीचा भाव निम्मा सांगते. दुधाच्या पिशवीचा खरा भाव त्यांना माहीतच नाही. शेजारचे अण्णा दवाखान्यात आहेत हे दोन दिवसांनी सांगते, झोप लागून गेल्यावर. तू एकदा खरं सांगून मोकळी होशील, मंगळवारी आम्ही गाडीत बसू. त्यानंतरचं कोण निस्तरणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. जो चोवीस तास सांभाळतो त्याच्या खोट्याला आणि तीन दिवस फिरवणाऱ्याच्या खोट्याला एकच माप लावता येत नाही. सांभाळणाऱ्यालाही दम लागतो. काही गोष्टी उद्यावर टाकणं हा त्याचा श्वास घेण्याचा मार्ग असतो. पण आई काय करते ते मी नंतर नीट आठवून पाहिलं. अण्णांची बातमी ती दोन दिवसांनी का होईना, सांगते. उशीर करणं आणि रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नियंत्रकाच्या बायकोला मी सांगायला नको.

राहता राहिली इमामबाड्याची आख्यायिका. रात्रभर ती माझ्या डोक्यात होती, कारण माझ्या बाजूनं साक्ष द्यायला मी तीच उभी करू पाहत होते. त्या गोष्टीतही लपवाछपवी आहे आणि ती लपवाछपवी सुंदर आहे. नवाबानं अंधार केला तो माणसांची अब्रू राखण्यासाठी. मीही तेच केलं नाही का? रांगेतल्या लोकांसमोर बाबांचं म्हातारपण उघडं पडू नये, म्हणून एक छोटासा अंधार केला.

पण नीट पाहिलं तर अंधार कुणापासून होता? शेजारपाजारच्यांपासून. कामावर आलेल्या सरदाराला स्वतःला सगळं माहीत होतं: आपण उपाशी आहोत, हे काम आहे, याची मजुरी मिळेल, यायचं की नाही ते आपल्या हातात आहे. त्याची परिस्थिती इतरांपासून झाकली होती, त्याच्यापासून नव्हे. मी उलटं केलं. रांगेतल्या माणसांना गाइड काय बोलला ते ऐकू गेलंच होतं. ज्याच्याबद्दल तो बोलला तो एकटाच त्या वाक्याच्या बाहेर राहिला. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना माझ्या बापाबद्दल जे माहीत होतं ते फक्त माझ्या बापाला माहीत नव्हतं. याला अब्रू राखणं म्हणता येणार नाही.

आसफुद्दौला वारला १७९७ साली. त्याची कबर त्याच दालनात आहे. त्याच वर्षी तिकडं प्रशियात कांटनं माणुसकीपोटी खोटं बोलण्याच्या तथाकथित हक्काविरुद्ध आपला छोटा निबंध छापला. खुनी दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र घरात लपलाय का. तेव्हासुद्धा खोटं बोलू नये, असं कांट म्हणतो. एम.ए.ला असताना आम्ही सगळे या निबंधावर तुटून पडत असू, आणि मला आजही कांटचं ते पटत नाही. दाराशी खुनी असेल तर मी खुशाल खोटं बोलेन. पण वर्गात आमच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या उदाहरणात खोटं बोललं जातं ते खुन्याशी, मित्राशी नव्हे. मित्राला वाचवायला जगाशी खोटं बोलणं आणि मित्राला वाचवायला मित्राशीच खोटं बोलणं, या दोन्हींना आपण एकच नाव देतो: माया. पहिल्यात तो आपल्या बाजूला असतो. दुसऱ्यात आपण त्याला दाराबाहेर काढलेलं असतं.

रविवारी आम्ही रेसिडेन्सीत गेलो. जाण्याआधी मी ठरवलं होतं, आज काही गाळायचं नाही. लखनौत हे ठरवणं सोपं, पाळणं अवघड. कारण त्या पडक्या भिंतींची गोष्ट प्रत्येकानं आपापल्या सोयीनं सांगितलेली आहे. १८५७ च्या जूनअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत इथं जवळजवळ तीन हजार माणसं वेढ्यात अडकली होती. चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स ४ जुलैला इथंच मेला. इंग्रजांनी पुढं हे अवशेष तोफगोळ्यांच्या भोकांसकट जपले, आणि १९४७ पर्यंत इथला युनियन जॅक रात्रीसुद्धा उतरवला जात नसे. त्यांच्या लेखी ही शौर्याची जागा होती. १९५७ मध्ये समोर गोमतीकाठी शहीद स्मारक झालं. आता ही स्वातंत्र्ययुद्धाची जागा आहे. दोन्ही गोष्टींत एक तपशील सहसा गळतो: वेढ्याच्या आत, इंग्रजांच्या बाजूनं लढणारे, शेकडो हिंदी शिपाईही होते. एकाला त्यांचा वाटा मोठा करून सांगायचा नसतो, दुसऱ्याला त्यांचं असणंच अडचणीचं वाटतं. मी हे सगळं थांबत थांबत बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. आजूबाजूच्या हिरवळीवर बसलेल्या लोकांनी वळून पाहिलं. बाबांनी एका भिंतीच्या भोकात बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "त्या आतल्या शिपायांना पुढं पेन्शन मिळाली का?" असा प्रश्न आजवर मला कुठल्याच पाहुण्यानं विचारला नव्हता. पुरी गोष्ट ऐकली की माणूस नुसता ऐकत बसत नाही, आपल्या अनुभवाचा प्रश्न घेऊन त्यात शिरतो.

तिथंच बाकावर बसून मी त्यांना गोडसे भटजींची आठवण करून दिली. 'माझा प्रवास' त्यांनी शाळेत असताना वाचलेलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, घरातलं कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून काकांबरोबर उत्तरेत आले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. लुटले गेले, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला, आणि परत जाताना पैसा नाही तरी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन गेले. त्या पाण्यानं त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं. घरी बसलेल्या आई-बापांना उत्तर हिंदुस्थान दिसला तो इतकाच: मुलाच्या तोंडून आणि कावडीतल्या पाण्यातून.

भाषांतरकार म्हणून मला या पुस्तकाची दुसरी गोष्ट जास्त छळते. गोडश्यांनी लिहिलेलं छापून निघालं ते ते वारल्यानंतर, १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी संपादित करून. वैद्यांनी भाषा बदलली, काही गाळलं, काही घातलं. काळ इंग्रजांचा होता, वाचकांची काळजी होती, कारणं समजण्यासारखी होती. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी पुस्तक काढलं ते १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षं मराठी माणूस जे वाचत होता ते गोडश्यांचं बरंचसं होतं, पण पुरतं नव्हतं, आणि ते त्याला कळायला मार्ग नव्हता. हे पुस्तक हिंदीत नेलं ते याच लखनौतल्या चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागरांनी, 'आँखों देखा गदर' या नावानं. नागर पुढं सत्तावनच्या लोकस्मृती गोळा करत अवधच्या गावोगाव हिंडले, त्यातून 'गदर के फूल' झालं. इतका कष्टाळू माणूस; पण पोतदारांची प्रत निघायच्या आधी त्यांच्या हातात असणार ती वैद्यांचीच. आधीच्या माणसानं मायेनं किंवा भीतीनं जे गाळलं ते पुढचा कितीही प्रामाणिक असला तरी त्याला परत आणता येत नाही. शनिवारी मी बाबांशी तसंच वागले होते. त्यांनी घरी जाऊन सगळ्यांना अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं असतं, की इमामबाडा पाहिला, वरचं मात्र बंद होतं.

बाबा हे ऐकून म्हणाले, "कावडीवरून आठवलं. श्रावणबाळाचं गावही इकडंच ना?" अयोध्या इथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. त्या कथेतला मुलगा आंधळ्या आई-बापांना खांद्यावर घेऊन तीर्थं दाखवतो. दाखवतो म्हणजे काय करतो? सांगतो. त्यांच्यासाठी नदी म्हणजे त्याचा आवाज. आपल्याकडे ही गोष्ट सांगतात त्यात पुढं असं आहे की दशरथ पाणी घेऊन जातो आणि न बोलता भांडं पुढं करतो, तेव्हा तहानेनं व्याकूळ झालेले ते दोघं म्हणतात, तू बोलल्याशिवाय आम्ही पाणी घेणार नाही. लहानपणी मला हा त्यांचा हट्ट वाटायचा. आता वाटतं, दुसऱ्याच्या डोळ्यांवर जगणाऱ्या माणसाला पाण्याच्या आधी आवाज लागतो, आणि त्या आवाजात काही लपवलेलं असेल तर ते त्याला बहुतेक वेळा कळतंच. बाबांना काडीच्या ज्योतीवरून कळलं तसं.

परतताना बाबांनी आपणहून विचारलं, "भातखंड्यांचं कॉलेज इथंच कुठं आहे ना?" मी यादीतून खोडलेलं नाव त्यांच्या डोक्यातल्या यादीत पहिल्यापासून होतं. कैसरबागेत आम्ही त्या इमारतीसमोर पाच-सात मिनिटं उभे होतो. रविवार असल्यानं सगळं शांत होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं आणि मलाही ऐकण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, चला.

सोमवारी सकाळी झेंडावंदनाची गाणी गल्लोगल्ली लागली असताना ते म्हणाले, पुन्हा इमामबाड्यात जायचं. आईनं कपाळाला हात लावला. जिन्यापाशी गर्दी शनिवारपेक्षाही जास्त होती. या वेळी मी ओरडले नाही. पर्समधून दुकानाचं एक बिल काढलं आणि त्याच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहिलं: जिना अरुंद. पायऱ्या उंच. अंधार. मध्येच बसायला जागा नाही. गाइड म्हणतो नको. मलाही भीती वाटते. तुम्ही ठरवा.

लिहायला एक मिनिटही लागलं नाही. शनिवारीही तेवढंच लागलं असतं. मी त्यांचं मन राखत होते असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी रांगेतली ओशाळवाणी दोन मिनिटं वाचवत होते. शेवटचं वाक्य लिहिताना मात्र पेन अडलं. शनिवारच्या माझ्या खोट्यात बाबांच्या गुडघ्यांपेक्षा माझी भीती जास्त होती, आणि ती मी इमारतीच्या नावावर खपवली होती. 'वर बंद आहे' म्हटलं की कुणालाच घाबरावं लागत नाही.

बाबांनी चष्मा लावून बिल वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. भिंतीला हात धरून पाच पायऱ्या चढले, तिथं उभे राहून वरच्या काळोखात पाहिलं, आणि तसेच सावकाश खाली आले. "खरंच नाही झेपणार," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा खंत होती. ती मी शनिवारी वाचवू पाहत होते. ती त्यांची होती, आणि मी तिला हात लावायला नको होता.

"तुम्ही दोघी जाऊन या," ते म्हणाले. "आणि येऊन सांगा. सगळं."

आम्ही गेलो. दोनदा चुकलो. आईला अंधारात हसू आवरेना. सज्जात आल्यावर खाली बाबा दिसले, त्याच जागी, मान वर करून. गाइडनं समोरच्या टोकाला काडी ओढली. आवाज अगदी कानाशी ओढल्यासारखा आला. बाबांनी खालून हात हलवला, ज्योत दिसल्याचं सांगायला.

खाली आल्यावर त्यांनी यंत्र कानात घातलं, शिट्टी बसेपर्यंत ते हातानं दाबून धरलं आणि विचारलं, "कसा येतो आवाज?"